जुनं बेअरिंग फेकण्याआधी

फोर्कलिफ्टच्या मागच्या चाकांकडे सहसा कुणी बघत नाही. ऑपरेटरची नजर समोर असते, फोर्कवर, मास्टवर, उचललेल्या मालावर. सुपरवायझरची नजर घड्याळावर. मेंटेनन्सवाला आला तरी आधी साखळ्यांचा ताण बघतो, सिलिंडरखाली तेल ठिबकतंय का बघतो, बॅटरीचं पाणी बघतो. मागची चाकं काउंटरवेटच्या, म्हणजे तोल सांभाळायला मागे बसवलेल्या वजनाच्या, पोटाखाली, धुळीत आणि अर्ध्या अंधारात आपली वळत राहतात. ती आवाज करायला लागली की मग सगळे वाकून बघतात, आणि तोवर बहुतेक वेळा आतल्या रेसच्या, म्हणजे रोलर ज्यावर लोळतात त्या कडीच्या, खपल्या निघालेल्या असतात.

मग बेअरिंग बदललं जातं. जुनं भंगाराच्या पिंपात, नवं हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, ट्रक कामावर. मला या क्रमातली मधली एक पायरी गाळल्याचा राग येतो. जुनं बेअरिंग धुऊन, उजेडात धरून, नीट बघितल्याशिवाय फेकायचं नाही. ते का गेलं हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. न वाचता फेकलं की नव्यावरही तोच मजकूर उमटणार हे ठरलेलं.

आधी त्या चाकांवर काय बेततं ते पाहू. काउंटरबॅलन्स ट्रकमध्ये, म्हणजे मागच्या वजनाने तोल सांभाळणाऱ्या फोर्कलिफ्टमध्ये, पुढचा ॲक्सल हा टेकू असतो. एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला काउंटरवेट. अडीच टन उचलणाऱ्या ट्रकचं स्वतःचं वजन साधारण साडेतीन ते चार टन भरतं. फोर्क रिकामे असतील तर त्यातलं निम्म्याहून जास्त वजन मागच्या ॲक्सलवर बसतं. पूर्ण माल उचलला की एकूण वजनाच्या ८० ते ९० टक्के भार पुढच्या चाकांवर सरकतो आणि मागचा ॲक्सल हलका होतो. म्हणजे मागच्या हबला खरा ताण येतो तो ट्रक रिकामा पळतो तेव्हा. आणि रिकामा ट्रक हळू चालवणारा ऑपरेटर मी क्वचितच पाहिला आहे. माल असताना माणूस जपून जातो. माल उतरवला की परतीचा फेरा म्हणजे शर्यत.

त्यात या गाड्यांना स्प्रिंग नसते. रस्त्यावरच्या ट्रकला पाटे असतात, धक्का आधी पाटा घेतो. फोर्कलिफ्टला पाटे दिले तर माल उंच उचलल्यावर ती डोलायला लागेल, म्हणून ॲक्सल सरळ चासीला. मागचा ॲक्सल फक्त मधल्या पिनवर डावी-उजवीकडे कलतो, बस. टायर बऱ्याचदा भरीव रबराचा. जमिनीतल्या सांध्याचा, गटाराच्या जाळीचा, ट्रकच्या फाळक्याला लावलेल्या लोखंडी पाट्याचा प्रत्येक ठोका रबरातून हबमध्ये, हबमधून बेअरिंगमध्ये. वळताना मागची चाकं जवळजवळ आडवी होतात, तेव्हा बाजूचा रेटा वेगळाच.

हा बाजूचा रेटा हे चाकाच्या बेअरिंगचं जुनं दुखणं. गोळ्यांचं बेअरिंग गाडीच्या आसाला बसवायची कल्पना बरीच जुनी. वेल्समधल्या फिलिप वॉन या लोखंड कारखानदाराने १७९४ साली त्याचं पेटंट घेतलं होतं. पण गोळीचा रेसशी स्पर्श एका बिंदूपुरता. सरळ रोलर घेतला तर स्पर्श रेघेइतका होतो, उभा भार छान पेलतो, पण बाजूने रेटा आला की त्याला धरायला काही नाही. सेंट लुईसमध्ये घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेनला हाच प्रश्न पडला होता: भरलेली गाडी वळणावर आली की बेअरिंग मार खातं. १८९८ साली त्याला टेपर रोलर बेअरिंगचं पेटंट मिळालं. रोलर निमुळते, आतली कडी, म्हणजे कोन (इंग्रजीतला cone), निमुळती, बाहेरची कडी, म्हणजे कप, निमुळती. आणि या सगळ्या उतारांच्या रेघा पुढे वाढवल्या तर आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. म्हणून रोलर न घसटता लोळतो. उभा भार आणि आडवा रेटा दोन्ही एकाच पृष्ठभागाने घेतले जातात. फक्त एक बेअरिंग एकाच दिशेचा रेटा घेऊ शकतं, म्हणून हबमध्ये दोन लागतात, एकमेकांविरुद्ध तोंड करून. सव्वाशे वर्षं उलटली, हबची मांडणी तीच आहे.

एक जागा मात्र या सुरेख भूमितीतही घसटतेच. रोलरचं जाड टोक कोनच्या काठावर, म्हणजे रिबवर, टेकून फिरतं. तिथे लोळणं नाही, घासणं आहे. ग्रीस संपलं किंवा नट जास्त आवळला गेला की पहिली जळते ती ही रिब. जुनं कोन हातात आलं की मी आधी तिथेच बघतो. पिवळसर झाक म्हणजे तापलंय. तपकिरी-निळं म्हणजे पोलादाचं पाणीच उतरलंय, आता ते बेअरिंग उरलेलं नाही, नुसतं त्या आकाराचं लोखंड आहे.

आता उघडण्याआधीचं. ऑपरेटर सांगतो, "मागून घरघर येते." कुठून, ते तो सांगू शकत नाही, आणि त्याचा दोषही नाही, काउंटरवेट एवढं मोठं ओतीव लोखंड असतं की आवाज सगळ्या अंगातून येतो. ट्रक सपाट जागी, फोर्क खाली टेकवलेले, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, बॅटरीचा कनेक्टर काढलेला. मग जॅक, तोही मॅन्युअलने दाखवलेल्या जागीच, आणि उचलून झाल्यावर खाली टणक लाकडाचे ठोकळे. नुसत्या जॅकवर उभ्या ट्रकखाली हात घालणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, काम थांबवतो. काउंटरवेटच एक-दीड टनाचं असतं.

चाक मोकळं झालं की एका हाताने फिरवायचं आणि दुसऱ्या हाताचा तळवा नकलवर, म्हणजे ॲक्सलच्या टोकाला चाकासोबत वळणाऱ्या सांध्यावर, ठेवायचा. कानापेक्षा तळव्याला जास्त कळतं. निरोगी हब फिरताना तळव्याला काहीच लागत नाही. खराब झालेलं बेअरिंग वाळूत हात घातल्यासारखं लागतं. मग टायरखाली पहार घालून वर-खाली हलवून बघायचं. चाक हललं म्हणून लगेच बेअरिंगला नाव ठेवायचं नाही. किंगपिन, म्हणजे नकल ज्याभोवती वळते ती खुंटी, झिजली असली तरी चाक असंच हलतं. दुसऱ्याला पहार धरायला लावायची आणि आपण खाली बघायचं: हब नकलवर हलतोय की नकलच ॲक्सलच्या बीमवर हलतेय? पुढच्या चाकांना ब्रेक असतो, तिथे युक्ती सोपी. कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांगायचं. ढिलाई नाहीशी झाली तर ती बेअरिंगची होती. मागच्या चाकांना बहुतेक गाड्यांत ब्रेक नसतो, तिथे डोळेच. किंगपिनच्या दुखण्यासाठी बेअरिंग बदललेल्या गाड्या माझ्याकडे पुष्कळ आल्या आहेत. नवंकोरं बेअरिंग, आणि चाक तसंच डुलतंय.

हवेचे टायर असतील तर चाकाचे नट सोडायच्या आधी हवा पूर्ण काढायची. हे सुरक्षेच्या फलकावरचं वाक्य वाटतं, पण त्यामागचं कारण ठाऊक असावं. फोर्कलिफ्टची रिम बऱ्याचदा दोन तुकड्यांची असते. दोन्ही तुकडे जोडणारे बोल्ट वेगळे आणि रिम हबला धरणारे नट वेगळे, पण चिखलाने माखले की दोन्ही सारखेच दिसतात. हवा भरलेली असताना चुकीचा नट सुटला तर रिमचा अर्धा भाग तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. व्हॉल्व्हची पिन काढून, तारेने भोक मोकळं आहे ना ते बघून, मगच पाना.

मागचा हब उघडणं तसं थोडक्यात आटपतं. टोपी काढायची, लॉक वॉशरची वाकवलेली जीभ सरळ करायची किंवा स्प्लिट पिन ओढायची, नट, वॉशर, बाहेरचं बेअरिंग, आणि हब दोन्ही हातांनी सरळ बाहेर. तिरका ओढला तर आतलं बेअरिंग आणि ऑइल सील स्पिंडलच्या, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या दांड्याच्या, आट्यांवरून खरवडत येतात. इथे नटकडे बघून आधीचा मिस्त्री कसा होता ते कळतं. नटाच्या खाचांवर छिन्नीचे घाव असतील तर त्याच्याकडे योग्य सॉकेट नव्हता. सॉकेट नव्हता म्हणजे टॉर्कही मोजलेला नसणार. छिन्नी-हातोड्याने आवळलेला नट किती आवळला गेला हे कुणीच सांगू शकत नाही, आवळणाराही नाही.

एका गोदामातला ट्रक आठवतो. मागचं उजवं चाक जाम होत होतं, बेअरिंग दोनदा बदलून झालं होतं म्हणे. हब काढला तर सीलच्या मागे, स्पिंडलभोवती, प्लास्टिकचं एक टणक कडं तयार झालेलं. पॅलेटला गुंडाळतात ती पारदर्शक स्ट्रेच फिल्म. जमिनीवर पडलेला तुकडा चाकाला लागतो, फिरत फिरत आत जातो, आवळला जातो, उष्णतेने वितळून दोरखंडासारखा घट्ट होतो आणि सीलची ओठपट्टी कापतो. सील गेलं की ग्रीस बाहेर आणि धूळ आत. बेअरिंगचा यात काही अपराध नव्हता. चाकूने ते कडं कापून काढलं आणि गोदामाच्या माणसाच्या हातात दिलं. त्याला वाटलं मी रबरी वॉशर काढलाय.

तर आता धुणं आणि वाचणं. रॉकेल किंवा डिझेलमध्ये ब्रशने स्वच्छ धुवायचं, दुसऱ्या स्वच्छ भांड्यात पुन्हा एकदा, आणि सुती धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसायचं. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवून वाळवायची एक वाईट खोड आहे. आवाज शिट्टीसारखा येतो म्हणून मजा वाटते. ते बेअरिंग कोरडं असतं, हवेने फिरताना चाकावरच्या वेगाच्या कितीतरी पट फिरतं, आणि पिंजरा, म्हणजे रोलर आपापल्या अंतरावर धरणारी जाळी, फुटला तर रोलर थेट तोंडावर.

धुतल्यावर कप हबमध्येच ठेवून तिरप्या उजेडात फिरवून बघायचा. डोळ्यांना दिसत नाही ते नखाला कळतं. रेसवर नख हळूच ओढलं आणि ते कुठे अडलं, तर बोलणं संपलं.

खपल्या, म्हणजे पृष्ठभागाचे कपचे उडालेले, हे थकव्याचं लक्षण. पोलादाखाली थोड्या खोलीवर बारीक तडा सुरू होतो, लाखो फेऱ्यांनी वर येतो आणि एक कण सुटतो. मग तो कण बाकीच्या रोलरखाली भरडला जातो. पण थकवा सगळ्या घेरावर सारखा आहे की एकाच पट्ट्यात, हे बघायचं. एका बाजूला, तेही तिरपं, असेल तर कप तिरका बसला होता किंवा त्याखाली कचरा अडकला होता. रोलरच्या अंतराएवढ्या अंतरावर गुळगुळीत खळगे असतील तर जोराचा धक्का बसलाय, किंवा बसवताना कुणीतरी रोलरमधून हातोडा घातलाय. तशाच अंतरावर काळपट, खरबरीत, गंजाळ रेघा असतील तर पाणी. ट्रक ओल्या बेअरिंगसह काही दिवस एकाच जागी उभा होता. आणि तसेच डाग लालसर-तपकिरी भुकटीसह असतील तर उभ्या गाडीचं थरथरणं. अमेरिकेत मोटारी रेल्वेने लांबवर पाठवायचे तेव्हा एक मैलही न धावलेल्या गाड्यांच्या चाकांची बेअरिंगं खराब निघायची. वाघिणीच्या थरथरीने रोलर एकाच जागी पुढे-मागे घासून ग्रीस बाजूला सारत होते. फोर्कलिफ्टही ट्रेलरवर पट्ट्यांनी करकचून बांधून लांबचा प्रवास करतात, तेव्हा हे लक्षात ठेवावं.

बारीक राखाडी टिपके, सुईने टोचल्यासारखे, दिसले तर मी वेल्डिंगबद्दल विचारतो. फोर्कला किंवा चासीला कुणीतरी वेल्डिंग केलं, अर्थिंगचा चिमटा लांब कुठेतरी दुसऱ्या टोकाला लावला, आणि करंट वाटेत बेअरिंगमधून गेला. विचारलं की आधी नाही म्हणतात. मग कुणाला तरी आठवतं.

यातलं सगळ्यात जास्त दिसणारं कारण मात्र साधं आहे: पाणी आणि माती. आणि ते पाणी बहुतेक वेळा आपणच घालतो. दिवसभर चाललेला हब तापलेला असतो, आतली हवा प्रसरण पावलेली असते. शिफ्ट संपली की लगेच प्रेशर वॉशरचा गार फवारा. हब एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठाशी असलेलं पाणी आत ओढलं जातं. शिवाय सील ग्रीस आत ठेवायला आणि शिंतोडे अडवायला बनवलेलं असतं, त्याच्यावर फवारा रोखायला नाही. धुतलेला ट्रक लखलखीत दिसतो. सहा महिन्यांनी हब उघडला की ग्रीस दुधाळ झालेलं असतं.

बेअरिंग किती टिकायला हवं याचा हिशेब आहे. स्वीडनच्या लुंडबर्ग आणि पामग्रेन यांनी १९४७ साली तो मांडला, आणि कॅटलॉगमधलं आयुष्य अजून त्याच पायावर काढतात. त्यातलं एक गणित मेंटेनन्सवाल्याने पाठ करावं असं आहे. रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या १०/३ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. भार दुप्पट, तर आयुष्य दहाव्या भागावर. आणि कॅटलॉगमधलं आयुष्य म्हणजे १०० पैकी ९० बेअरिंगं जिथवर पोचतात तो टप्पा. १० आधीच जाणार हे त्यात गृहीत आहे. तरीही माझ्या हातात आलेल्या बेअरिंगांपैकी निव्वळ वयाने गेलेली फारच थोडी. उरलेल्यांना कुणीतरी घालवलं होतं.

जुना कप हबमधून काढताना पितळी ड्रिफ्टने आळीपाळीने समोरासमोर ठोकायचं. हबमध्ये त्यासाठी खाचा ठेवलेल्या असतात. नसल्याच, तर एक जुनी आणि पक्की युक्ती आहे: कपच्या आतल्या पृष्ठभागावर वेल्डिंगची एक रेघ पूर्ण घेरात फिरवायची. गार होताना ती आकसते, कप आवळला जातो आणि हबमधून अलगद सुटतो. अर्थिंगचा चिमटा हबलाच, आणि आधी ग्रीस व रॉकेल पूर्ण पुसलेलं. नवा कप काही तास फ्रीझरमध्ये ठेवला तर सहज बसतो. बसवताना जुन्याच कपचा बाहेरचा घेर ग्राइंडरवर किंचित उतरवून त्याचाच ठोकणीसारखा उपयोग होतो. पुरता बसला की हातोड्याचा आवाज बदलतो. भद्द लागणारा ठोका खणखणीत होतो. तरीही ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी खांद्याखाली जातेय का ते बघायचं. गेली तर कप अजून वर आहे, आणि पहिल्याच आठवड्यात तो खाली सरकून आपण लावलेली सगळी सेटिंग बिघडवणार.

कप हबमध्ये बोटानेच फिरत असेल तर हबचं भोक मोठं झालंय. तिथे सेंटर पंचने ठिपके ठोकून कप घट्ट बसवायचा प्रकार सर्रास चालतो. ठिपक्यांची टोकं काही दिवसांत चपटी होतात. हब बदलायचा, किंवा बोअर करून स्लीव्ह घालायची. याला तिसरा मार्ग मला मान्य नाही.

ग्रीस भरणं हे काम हातानेच व्हावं या मताचा मी आहे. ग्रीस पॅकर चांगला, पण हाताला बेअरिंग कळतं. डाव्या तळव्यावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगचं जाड तोंड तळव्याच्या कडेवर दाबत ओढायचं. ग्रीस रोलरांच्या मधून चढत बारीक तोंडाकडून शेवयांसारखं बाहेर आलं पाहिजे. पूर्ण घेर फिरवून असंच. नुसतं वरून फासलेलं ग्रीस पिंजऱ्याच्या आत जात नाही. ग्रीस म्हणजे बहुतांशी तेलच, साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं. चाकांना सहसा दोन नंबरचं लागतं, ज्यात ठरावीक शंकू २५ अंश सेल्सिअसला पाच सेकंदांत २६५ ते २९५ दशांश मिलिमीटर बुडतो. नंबर सारखा असला म्हणून दोन ग्रीस एकमेकांत चालतात असं नाही. लिथियमच्या ग्रीसमध्ये पॉलियुरियाचं किंवा मातीच्या आधाराचं ग्रीस मिसळलं तर जाळी मोडू शकते, आणि सगळं पातळ होऊन सीलमधून वाहतं. डब्यातला रंग बघून ग्रीस ओळखणारे लोक आहेत; रंग हा फक्त टाकलेला रंग असतो. आधी कुठलं होतं ते ठाऊक नसेल तर सगळं धुऊन काढायचं आणि पुन्हा सुरुवात.

हबच्या पोकळीत किती भरायचं यावरून कायम वाद. गच्च भरणाऱ्यांना वाटतं जास्त म्हणजे चांगलं. पण जागा नसली की ग्रीस घुसळलं जातं, तापतं, फुगतं आणि सील ढकलतं. पोकळीचा तिसरा ते अर्धा हिस्सा, आणि टोपीत थोडंसं. सीलचा ओठ आतल्या बाजूला, ओठाला ग्रीसचा हात, आणि सपाट पट्टीने सगळीकडून सारखं दाबून बसवायचं. जुनं सील परत वापरायचं नाही. स्पिंडलवर जिथे सील घासतं तिथे नखाला खोबण लागली तर नवं सीलही गळणार. तिथे घालायची पातळ बाही मिळते.

आणि आता नट. सगळी कला इथे आहे, म्हणून कदाचित सगळी गडबडही इथेच होते.

नवशिक्याला नट ढिला ठेवायची भीती वाटते. त्याला वाटतं चाक निघून जाईल. म्हणून तो आवळतो, आणि अजून थोडा आवळतो, वर समाधानाने पाना खाली ठेवतो. टेपर बेअरिंगमध्ये नट आवळणं म्हणजे पाचर ठोकणं. थोड्याशा फेऱ्याने रोलरवरचा दाब अनेक पटींनी चढतो, रिब तापते, ग्रीस पळतं. ढिला राहिला तर भार थोड्याच रोलरांवर येतो, हब डुलतो, सील झिजतं. आवळलेलं बेअरिंग पटकन मरतं, ढिलं हळूहळू.

म्हणून पद्धत अशी: हब फिरवत ठेवायचा, दोन्ही दिशांना, आणि फिरवता फिरवताच नट मॅन्युअलने दिलेल्या टॉर्कपर्यंत आवळायचा. फिरवल्याशिवाय रोलर आपापल्या जागी, रिबला टेकून, उभे राहत नाहीत; थांबलेल्या हबवर मोजलेला टॉर्क खोटा. मग नट पूर्ण ढिला करायचा आणि पुन्हा हलक्या टॉर्कने बसवायचा. शेवटी स्प्रिंग काटा चाकाच्या बोल्टला अडकवून स्पर्शिकेच्या दिशेने हळू ओढायचं आणि हब फिरू लागतो तेव्हाचा आकडा बघायचा. बऱ्याच फोर्कलिफ्टच्या मॅन्युअलमध्ये ही ओढ किलोग्रॅममध्ये दिलेली असते. नव्या सीलचीही थोडी ओढ त्यात मिसळलेली असते, तेवढं ध्यानात घ्यायचं. रस्त्यावरच्या जड ट्रकांच्या हबला डायल गेज लावून ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर ढिलाई ठेवतात, म्हणजे तिथे मुद्दाम श्वासापुरती जागा असते. दोन्ही रीती आपापल्या हबसाठी बरोबर आहेत. म्हणून एका गाडीवरचा आकडा डोक्यात घेऊन दुसरीला लावायचा नाही.

कॅसल नटची खाच आणि पिनचं भोक कधीच नीट जुळत नाहीत. पुढे ढकलायचं की मागे घ्यायचं, हे त्या गाडीचं मॅन्युअल सांगतं. पिन नवीच, वॉशरही नवा. एकदा वाकवून सरळ केलेली जीभ पुन्हा वाकवली की मुळाशी तडकते.

पुढचे ड्राइव्ह हब जड आणि गलिच्छ काम आहे. आधी ॲक्सल शाफ्टचे बोल्ट काढून शाफ्ट ओढायचा, खाली तसराळं ठेवलेलं असावं, कारण डिफरन्शियलचं तेल येतंच. ड्रमसकट हब एकट्याने पेलायच्या फंदात पडू नये. आतलं सील गळलं असेल तर तेल ब्रेक शूवर गेलेलं असतं, आणि तेल प्यायलेलं लायनिंग कितीही धुतलं, जाळलं, घासलं तरी पहिल्यासारखं धरत नाही, बदलायचंच. ड्रममधली भुकटी हवेने उडवायची नाही, ओल्या कापडाने पुसायची. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं.

काम झाल्यावर ट्रक थोडा वेळ रिकामा फिरवून आणायचा आणि दोन्ही बाजूंच्या हबला हात लावून बघायचा. कोमट, दोन्ही सारखे, ठीक. एकावर हात ठेवता येणार नाही इतका तो तापला असेल तर नट पुन्हा उघडायचा, मग कुणी कितीही घाई करो.

रजिस्टरमध्ये "मागील चाकाचे बेअरिंग बदलले" एवढंच लिहिलेलं मला चालत नाही. कुठली बाजू, आतलं की बाहेरचं, अवर मीटरचा आकडा, आणि जुन्यावर काय दिसलं ते. परवाच्या नोंदीत असं आहे: उजवं, आतलं, कपवर रोलरच्या अंतराने गंजाच्या रेघा, ग्रीस दुधाळ. खाली गोदामाच्या मॅनेजरसाठी एक ओळ, की ट्रक धुवायचा तर शिफ्ट सुरू होताना, गार असताना धुवा, आणि फवारा हबवर धरू नका. तो म्हणाला धुलाईवाला संध्याकाळीच येतो. मग त्याची वेळ बदला, म्हटलं. अजून बदललेली नाही.